'द थॉर्न बर्ड्स'ची लेखिका कॉलीन मकला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयात इंग्रजी पुस्तकांचं कपाट माझ्याकडे आहे. त्यातली 'द थॉर्न बर्ड्स'ची प्रत आम्ही दोनदा पुन्हा बांधून घेतली, इतकी ती फिरते. पुस्तक परत करायला आलेला वाचक टेबलापाशी रेंगाळतो आणि लेखिकेबद्दल विचारायला लागतो. तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं इथे लिहून ठेवते आहे. माझा कल आधीच सांगते. एका प्रचंड खपलेल्या पुस्तकाची लेखिका एवढ्यावर या बाईंची ओळख थांबते, ते मला फार खटकतं. त्या प्रयोगशाळेतून आल्या होत्या आणि प्रयोगशाळेची शिस्त त्यांच्या लिखाणातून शेवटपर्यंत गेली नाही. पुढची बरीच उत्तरं फिरून फिरून तिथेच येतील.

आडनावाचा उच्चार नक्की काय?

'मकला', जोर 'क'वर. इंग्रजी स्पेलिंग पाहून आपल्याकडे मॅक्युलॉग, मॅककुलो असं काहीही म्हटलं जातं.

त्या मूळच्या कुठल्या?

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात वेलिंग्टन नावाचं गाव आहे, तिथे १ जून १९३७ रोजी त्यांचा जन्म झाला. न्यूझीलंडच्या राजधानीचं नाव तेच असल्यामुळे अनेकांचा घोटाळा होतो. न्यूझीलंडशी नातं होतं ते आईकडून. आई तिकडची, तिच्या घराण्यात थोडं माओरी रक्तही होतं. वडील आयरिश वंशाचे आणि धंद्याने ऊसतोड कामगार. हंगामामागे फिरणारं घर होतं, त्यामुळे लहानपणी सतत गावं बदलली. पुढे कुटुंब सिडनीत स्थिरावलं आणि कॉलीन तिथल्या कॅथलिक शाळेत शिकल्या. घरात त्या आणि धाकटा भाऊ कार्ल. त्याच्याबद्दल पुढे सांगते.

वडील ऊसतोड कामगार होते हे सांगितलं की आमच्याकडचे वाचक एकदम सावरून बसतात. फडात दिवसभर वाकून काम करणं म्हणजे काय, टोळीने राहणं म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला समजावून द्यावं लागत नाही. 'द थॉर्न बर्ड्स'मध्ये क्वीन्सलंडच्या उसाच्या फडांवरचा एक मोठा भाग आहे. तो वाचताना ही माहिती मनाशी ठेवा.

त्या डॉक्टर होत्या ना?

नाही, व्हायचं मात्र होतं. सिडनी विद्यापीठात त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केलं. पहिल्याच वर्षी लक्षात आलं की शस्त्रक्रियेआधी हात धुण्यासाठी जो साबण वापरतात तो त्यांच्या त्वचेला सोसत नाही. हातांना त्वचादाह होऊ लागला. ज्या माणसाला हातच घासून धुता येत नाहीत तो शस्त्रक्रियागृहात उभा कसा राहणार? डॉक्टरकीचा नाद सोडून त्या मेंदू आणि मज्जासंस्थेच्या विज्ञानाकडे वळल्या. सिडनीच्या रॉयल नॉर्थ शोअर हॉस्पिटलात काम केलं, १९६३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या लहान मुलांच्या प्रसिद्ध रुग्णालयात काम करू लागल्या. तिथेच अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या मज्जाविज्ञान विभागाचे प्रमुख त्यांना भेटले आणि त्यांनी नोकरी देऊ केली. येलच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९६७ पासून जवळजवळ दहा वर्षं त्यांनी संशोधन केलं आणि शिकवलंही.

पदवीच्या आधी पोटापाण्यासाठी त्यांनी शिक्षिका, पत्रकार आणि ग्रंथपाल अशी कामं केली होती. यातल्या तिसऱ्या नोकरीचा मला मनापासून आनंद होतो.

चांगली नोकरी असताना कादंबऱ्या का लिहायला घेतल्या?

पैशासाठी. हे त्यांनी कधी लपवलं नाही. काम आवडतं होतं, पण येलमध्ये त्याच कामाला पुरुष सहकाऱ्यांना जास्त पगार मिळत होता. लग्न झालेलं नव्हतं, मागे घरदार नव्हतं. सत्तरीत एखाद्या भाड्याच्या गारठलेल्या खोलीत, मिणमिणत्या दिव्याखाली एकटं बसायची वेळ येईल, हे चित्र त्यांना स्वच्छ दिसत होतं. लिहिण्याची आवड लहानपणापासून होती, तिचा आधार घ्यायचा असं त्यांनी ठरवलं.

हे ऐकून काही वाचकांचा हिरमोड होतो. लेखकाने पोटासाठी लिहू नये असं आपल्या मनात कुठेतरी बसलेलं असतं. मला मात्र यात काही कमीपणा वाटत नाही. कामाच्या जागी बाईला कमी पगार मिळतो, तिने म्हातारपणाची तरतूद स्वतःच्या हाताने करायची ठरवली, आणि ती करताना आपल्याला इतकी पुस्तकं मिळाली.

पहिली कादंबरी कोणती?

'टिम', १९७४. मेरी हॉर्टन ही चाळिशी ओलांडलेली, नोकरी करून स्वतःच्या पायावर उभी असलेली अविवाहित बाई, आणि टिम हा पंचविशीतला देखणा मजूर, ज्याची बौद्धिक वाढ लहान मुलाइतकीच राहिली आहे. त्या दोघांच्या नात्याची ही गोष्ट आहे. विषय निसरडा आहे. जरा तोल गेला असता तर रडकं किंवा ओंगळ काहीतरी झालं असतं. तोल जात नाही, कारण टिमला काय कळतं आणि काय कळत नाही हे लेखिकेला नेमकं ठाऊक आहे. १९७९ मध्ये यावर ऑस्ट्रेलियन चित्रपट निघाला. टिमच्या भूमिकेत तरुण मेल गिब्सन होता.

'द थॉर्न बर्ड्स' किती खपलं?

जगभरात सुमारे तीन कोटी प्रती असा आकडा सांगितला जातो. पुस्तक आलं १९७७ मध्ये. अमेरिकेत पेपरबॅकच्या हक्कांसाठी प्रकाशकांमध्ये लिलाव झाला आणि बोली १९ लाख डॉलरवर थांबली. तोवर पेपरबॅकच्या हक्कांना एवढी किंमत कधीच आली नव्हती. म्हातारपणीच्या गारठलेल्या खोलीची काळजी एका दिवसात मिटली.

त्यामागची मेहनत आकड्यात दिसत नाही. दिवसभर प्रयोगशाळा, संध्याकाळी घरी येऊन टंकलेखन यंत्रावर बसायचं ते रात्री उशिरापर्यंत. कच्चा खर्डा झाला की पुन्हा पहिल्या पानापासून सगळं नव्याने टाइप करायचं, आणि असं अनेकदा. प्रयोग फसला की तो पुन्हा लावायचा, ही सवय अंगात मुरलेली होती.

गोष्ट कशाबद्दल आहे? सगळं उघड न करता सांगा.

१९१५ ते १९६९ एवढा काळ आणि क्लियरी घराण्याच्या तीन पिढ्या. हे कुटुंब न्यूझीलंडमध्ये दारिद्र्यात दिवस काढत असतं. वडिलांची श्रीमंत बहीण मेरी कार्सन त्यांना ऑस्ट्रेलियात आपल्या ड्रोएडा या 'स्टेशन'वर बोलावून घेते.

इथे थांबून सांगायला हवं, कारण हा प्रश्नही येतो: यात रेल्वेचा संबंध नाही. ऑस्ट्रेलियात 'स्टेशन' म्हणजे मेंढ्या किंवा गुरं पाळण्याची अफाट जमीन. ड्रोएडा अडीच लाख एकरांचं आहे. एकाच मालकाच्या कुंपणातून निघून दुसऱ्या टोकाला पोचायला घोड्यावर दिवस जातात. मालकाचा वाडा एकीकडे, लोकर कातरणाऱ्यांच्या टोळ्या हंगामाला येऊन जाणाऱ्या, पाऊस नाही आला तर वर्षानुवर्षं नाही. दुष्काळ, वणवा, माशा, ससे, धूळ. निसर्ग इथे मागच्या पडद्यासारखा टांगलेला नाही. तो माणसं मारतो.

क्लियरींची एकुलती एक मुलगी मेगी आणि तिथला तरुण, देखणा, महत्त्वाकांक्षी धर्मगुरू फादर राल्फ यांच्यातलं प्रेम हा कथेचा कणा. राल्फला मेगी हवी आहे आणि चर्चमधली वरची पायरीही हवी आहे. वसईचे किंवा गोव्याचे वाचक असतील तर फादर, बिशप, कार्डिनल ही चढण त्यांच्या ओळखीची असते. इतरांनी एवढंच ध्यानात ठेवावं की कॅथलिक धर्मगुरूला आयुष्यभर ब्रह्मचर्याची शपथ असते. मेरी कार्सनचं मृत्युपत्र हा माझ्या मते पुस्तकातला सगळ्यात जबरदस्त भाग. माणसाला त्याच्या हव्यासानेच कसं बांधून टाकता येतं, हे त्या म्हातारीला बरोबर कळलेलं असतं.

पुस्तकाच्या सुरुवातीचा तो पक्षी खरंच आहे का?

नाही. आयुष्यात एकदाच गाणारा, सगळ्यात लांब काटा शोधून त्यावर छाती रुतवून घेणारा आणि मरता मरता जगातलं सर्वांत गोड गाणारा पक्षी ही दंतकथा म्हणून येते. पक्षिशास्त्राच्या पुस्तकात तो शोधू नका.

यात त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातलं किती?

कादंबरी वाचली नसेल तर हे उत्तर तूर्त सोडून द्या.

धाकटा भाऊ कार्ल १९६५ मध्ये ग्रीसच्या क्रीट बेटाजवळ समुद्रात बुडून गेला. अडचणीत सापडलेल्या पर्यटकांना वाचवायला तो पाण्यात उतरला होता. वय पंचवीस. बारा वर्षांनी आलेल्या कादंबरीत मेगीचा मुलगा डेन क्रीटजवळच, बुडणाऱ्या बायकांना वाचवताना जातो. कार्लवरून हे पात्र घेतलं असं त्यांनी सांगितलं आहे, आणि २०११ च्या 'लाइफ विदाउट द बोरिंग बिट्स' या आत्मपर लेखांच्या पुस्तकातही त्याच्याबद्दल लिहिलं आहे.

हे कळल्यानंतर मी ती पानं पुन्हा वाचली. पहिल्या वाचनात मला मेगीचा आकांत दिसला होता. दुसऱ्या वेळी लक्षात आलं ते दुसरंच. मुलगा परदेशात गेला, देह तिकडे आहे, कागदपत्रं, परवानग्या, कुणाला तरी जाऊन त्याला आणायचं आहे. दुःखाच्या मागे लागलेली ही वणवण ज्याने घरात पाहिली आहे त्यालाच ती अशी लिहिता येते.

वडिलांचं ऊसतोडीचं आयुष्य ल्यूक ओनील या पात्राच्या वाट्याला गेलं. हा मेगीचा नवरा. लग्न होताच तो तिला दुसऱ्यांच्या घरी कामाला ठेवतो आणि स्वतः टोळीबरोबर फडात निघून जातो. मेगीचे कमावलेले पैसेही आपल्या खात्यात टाकतो. गंमत म्हणजे लेखिका त्याला नुसता खलनायक करत नाही. घामाची, ताकदीची आणि पुरुषांच्या सोबतीची त्याला चढलेली झिंग ती समजून घेते.

मालिका पाहावी का?

१९८३ च्या मार्चमध्ये अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर ती सलग चार रात्री दाखवली गेली. राल्फ झाला होता रिचर्ड चेंबरलेन, मेगी रेचल वॉर्ड, मेरी कार्सन बार्बरा स्टॅनविक. प्रेक्षक अफाट मिळाले. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात धर्मगुरूच्या प्रेमाची गोष्ट दाखवली म्हणून कॅथलिक मंडळींची नाराजीही ओढवली. चित्रीकरण ऑस्ट्रेलियात झालंच नाही. ते कॅलिफोर्निया आणि हवाईमध्ये झालं. लेखिकेला मालिका मुळीच आवडली नाही आणि हे त्यांनी कडक शब्दांत बोलून दाखवलं. स्टॅनविकबाईंसाठी पाहा, पण आधी पुस्तक वाचा.

त्या एखाद्या बेटावर राहायच्या असं ऐकलं, ते खरं?

खरं. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यापासून सुमारे १,४०० किलोमीटरवर पॅसिफिक महासागरात नॉरफोक नावाचं बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम ३५ चौरस किलोमीटर, वस्ती दोन हजारांच्या आसपास. प्रसिद्धीनंतर लोकांचा गराडा नको म्हणून १९८० च्या सुमारास त्या तिथे जाऊन राहिल्या त्या कायमच्या. घराचं नाव 'आउट येना'. तिथल्या बोलीत याचा अर्थ 'पल्याड'.

बेटाचा इतिहासही कादंबरीत शोभावा असा आहे. आधी इंग्रजांनी तिथे कैद्यांची वसाहत केली. १७८९ मध्ये 'बाउंटी' जहाजावर बंड झालं होतं, त्या बंडखोरांचे आणि ताहितीच्या स्त्रियांचे वंशज पिटकेर्न बेटावर राहत होते. जागा पुरेना म्हणून १८५६ मध्ये ते नॉरफोकला आणले गेले. १९८४ मध्ये कॉलीन यांनी रिक रॉबिन्सन या बेटावरच्याच गृहस्थांशी लग्न केलं. तेव्हा त्या ४६ वर्षांच्या होत्या आणि नवरा वयाने बराच लहान. २००० मध्ये आलेल्या 'मॉर्गन्स रन'चा नायक रिचर्ड मॉर्गन हा इंग्लंडहून कैदी आणणाऱ्या जहाजांच्या १७८८ च्या पहिल्या ताफ्यातून ऑस्ट्रेलियाला आलेला खराखुरा कैदी. त्याचा प्रवासही नॉरफोकपर्यंत पोचतो.

रोमवरची ती जाडजूड पुस्तकं त्यांचीच?

त्यांचीच, आणि माझ्या मते त्यांचं खरं काम तेच. सात कादंबऱ्यांची ही मालिका 'मास्टर्स ऑफ रोम' या नावाने ओळखली जाते. पहिली 'द फर्स्ट मॅन इन रोम' १९९० मध्ये आली. क्रमाने पुढे 'द ग्रास क्राउन' १९९१, 'फॉर्च्यून्स फेव्हरिट्स' १९९३, 'सीझर्स विमेन' १९९६, 'सीझर' १९९७, 'द ऑक्टोबर हॉर्स' २००२. इथे त्या थांबणार होत्या, पण वाचकांनी थांबू दिलं नाही आणि २००७ मध्ये 'अँटनी अँड क्लिओपात्रा' आली.

इसवी सनापूर्वी ११० च्या पहिल्या दिवशी गोष्ट सुरू होते. खानदानी नाव नसलेला पण पैसा आणि लष्करी बुद्धी असलेला मारियस, आणि खानदानी नाव असून खिसा रिकामा असलेला सुल्ला. या दोघांपासून सुरू होऊन प्रजासत्ताक मोडेपर्यंतचा ऐंशीहून अधिक वर्षांचा काळ आहे. सीझर जन्मालाही आलेला नसतो तिथून त्या सुरुवात करतात, कारण त्यांना एका माणसाचं चरित्र सांगायचं नव्हतं. एखादी व्यवस्था कायदे शाबूत असताना आतून कशी पोखरली जाते, हे दाखवायचं होतं. एकदा नियमाला अपवाद होतो. कारण त्या वेळी योग्य असतं. मग तोच अपवाद पुढच्या माणसाच्या हातात हत्यार बनून येतो. मारियसला पुन्हा पुन्हा कॉन्सल, म्हणजे एका वर्षापुरता सर्वोच्च अधिकारी, निवडून देतात तेव्हा रोमवर खरोखरच संकट असतं.

तयारी संशोधकाची. घरात रोमवरच्या ग्रंथांचा मोठा साठा केला. नकाशे स्वतः काढले. जुने अर्धपुतळे पाहून पात्रांची रेखाचित्रंही स्वतःच काढली, ती पुस्तकात छापलेली आहेत. शेवटी शब्दसूची जोडली, तीही पानंच्या पानं भरतील अशी. टोगा कसा नेसतात, मतदान कोणत्या क्रमाने होतं, एका लीजनमध्ये, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीत, किती माणसं, सगळं तिथे सापडतं. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठाने १९९३ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली. आपल्याकडे ऐतिहासिक कादंबरीचा वाचक मोठा आहे आणि इतिहास की कल्पना यावर आपण तावातावाने भांडतो. अशा वाचकाने ही मालिका चुकवू नये.

अडचण एकच, नावांची. पहिली शंभर पानं सगळेच गायस आणि लुसियस. हातात कागद घेऊन वंशावळ काढत वाचा. दीडशेव्या पानानंतर तो कागद लागत नाही.

त्यांच्यावर नक्कल केल्याचा आरोप झाला होता का?

झाला होता. १९८७ ची 'द लेडीज ऑफ मिसालाँघी' ही छोटी कादंबरी कॅनडाच्या लेखिका एल. एम. माँटगोमेरी यांच्या १९२६ च्या 'द ब्लू कासल'शी फार जुळते असं वाचकांच्या लक्षात आलं. लहानपणी माँटगोमेरी वाचल्याचं मकलांनी मान्य केलं आणि नकळत काही मनात राहिलं असेल असं म्हटलं. मी दोन्ही वाचल्या आहेत. कथानकाची जुळणी किरकोळ नाही, हे त्यांची चाहती असूनही मला मान्य करावं लागतं.

आणखी काय लिहिलं?

बरंच. 'ॲन इन्डीसेंट ऑब्सेशन' (१९८१) दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी एका लष्करी रुग्णालयात घडते. 'द टच' (२००३) सोन्याच्या खाणीभोवती फिरते. ऑस्ट्रेलियन सेनानी आणि राज्यपाल रॉडन कटलर यांचं चरित्रही त्यांनी लिहिलं. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्या रहस्यकथांकडे वळल्या. कारमाइन डेल्मोनिको या पोलीस अधिकाऱ्याच्या पाच कादंबऱ्यांपैकी पहिली 'ऑन, ऑफ' (२००६). तिची सुरुवात मेंदूवर संशोधन करणाऱ्या संस्थेत होते. प्रयोगातले मेलेले प्राणी ठेवायच्या फ्रीजमध्ये मानवी देहाचे अवयव सापडतात. तीस वर्षांपूर्वी सोडलेल्या प्रयोगशाळेत त्या पुन्हा शिरल्या होत्या आणि तिथला कोपरान् कोपरा त्यांना आठवत होता.

शेवटची वर्षं कशी गेली?

आजारपणात. डोळ्याच्या पडद्याच्या विकाराने एका डोळ्याची दृष्टी गेली, संधिवाताने हात आखडले. तरी २०१३ मध्ये 'बिटरस्वीट' आली. परिचारिका होऊ पाहणाऱ्या चार बहिणींची ती गोष्ट आहे. त्याआधी २००६ मध्ये ऑस्ट्रेलिया सरकारने 'ऑफिसर ऑफ द ऑर्डर ऑफ ऑस्ट्रेलिया' हा सन्मान दिला होता. २९ जानेवारी २०१५ रोजी नॉरफोक बेटावर त्या गेल्या. वय ७७.

त्यांच्या मृत्युलेखावरून वाद झाला, तो काय?

'द ऑस्ट्रेलियन' या मोठ्या दैनिकाने त्यांच्यावरच्या लेखाच्या सुरुवातीलाच लिहिलं की त्या दिसायला साध्या होत्या, नक्कीच स्थूल होत्या, तरीही विनोदबुद्धी आणि जिव्हाळा असलेली बाई होती. देशातली सर्वाधिक खपाची लेखिका, मज्जाशास्त्रज्ञ, रोमच्या सात कादंबऱ्या. आणि सुरुवात तिच्या वजनापासून. जगभरच्या वाचकांनी समाजमाध्यमांवर याच साच्यात स्वतःचे मृत्युलेख लिहून निषेध केला. बायकांबरोबर पुरुषांनीही लिहिले.

'तरीही' या शब्दाने मला सगळ्यात जास्त त्रास झाला. येलमध्ये कमी पगार देणाऱ्यांच्या मनातही हाच शब्द असणार.

कुठून सुरुवात करू?

इंग्रजी कादंबरी वाचायची सवय नसेल तर 'टिम'. पुस्तक छोटं, भाषा सोपी. सवय असेल तर सरळ 'द थॉर्न बर्ड्स'. मुंबईत हुतात्मा चौकाच्या आसपासच्या फुटपाथवर जुनी प्रत मिळून जाते, मला माझी तिथेच मिळाली होती. ते झाल्यावर 'द फर्स्ट मॅन इन रोम'. आमच्याकडे रोमच्या पहिल्या तीनच आहेत आणि 'द ग्रास क्राउन' सध्या बाहेर आहे. ज्यांच्याकडे असेल त्यांनी वाचून झाल्यावर आणून द्यावी, दोघं जण रांगेत आहेत.